तिसऱ्या वाचनाच्या आधी

त्या नेत्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात ते इतक्या वेळा घेतलं गेलं आहे, की मला त्याचा अक्षरशः वीट आला आहे. युद्धाच्या दिवसांत देशाचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांच्यापैकी ते एक, एवढं पुरे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. बेळगावकडच्या आमच्या गावात, पंचायतीच्या रेडिओपुढे मांडी घालून त्यांनी त्या माणसाचं भाषण ऐकलं आणि आपण तिथून वेगळेच होऊन उठलो, असं ते सांगतात. मला विचाराल तर ते तिथून अजून उठलेच नाहीत.

भाषणात काय होतं ते मला पाठ आहे. इतर मुलांना शुभंकरोती शिकवतात तसं मला ते शिकवलं गेलं. सैनिक उपाशी लढतो आहे, तेव्हा आपण आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडावं. दारूला शिवू नये. दुसऱ्यांवर राज्य करायचं असेल तर आधी स्वतःवर करावं. आणि सरकारनं घाई करू नये, पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपून बघावी. यात वाईट काय आहे, असं कुणीही विचारील. धान्य कमी असताना, सरहद्दीवर माणसं मरत असताना हे बोलणारा माणूस शहाणाच म्हणायला हवा. माझी तक्रार एवढीच आहे, की युद्ध संपलं ते आमच्या घरी कुणी येऊन सांगितलं नाही.

आम्ही तिघं के. आर. पुरमला राहतो. अण्णा नोकरीसाठी बेंगळुरूला आले, सरकारी कचेरीत कारकून झाले आणि तिथेच निवृत्त झाले. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नड येत नव्हतं, आता तिचं मराठी कुठे संपतं आणि कन्नड कुठे सुरू होतं हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. मी एकुलती एक, वय पंचेचाळीस, लग्न झालेलं नाही. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायच्या, याचाच मला पगार मिळतो.

आमच्या घरचा उपासाचा वार बुधवार. कुठल्या देवानं तो मागितलेला नाही, तो अण्णांनी स्वतः निवडला. बुधवारी रात्री घरात चूल पेटत नाही आणि जेवणाच्या वेळेला, सात वाजता, बैठक होते. अण्णांच्या कचेरीत कायद्यांचे मसुदे यायचे. विधेयक सभागृहात तीनदा वाचलं जातं, मगच मंजूर होतं, हे त्यांनी तिथे बघितलं आणि त्या नेत्याच्या सावध कारभाराची ही जिवंत मूर्ती आहे असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ती मूर्ती घरी आणली. घरात काहीही नवीन करायचं असेल, तर ते आधी एका लांब वहीत ‘विषय’ म्हणून लिहायचं. बुधवारी त्याचं पहिलं वाचन, पुढच्या बुधवारी दुसरं, त्याच्या पुढच्या बुधवारी तिसरं. तिसऱ्या वाचनानंतर निर्णय. वही लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. अण्णा म्हणजे सरकार, मी विरोधी पक्ष, आणि आई म्हणजे सरकारच्या मागची बाकं. सगळं बोलून झालं की अण्णा तिच्याकडे बघायचे आणि ती कन्नडमध्ये म्हणायची, “सरी,” म्हणजे ठीक आहे.

हे ऐकून लोक हसतात. ऑफिसातल्या पुण्या-मुंबईच्या पोरींना मी हे डब्याच्या वेळी सांगायचे आणि त्या पोट धरून हसायच्या. “सो क्यूट यार, तुझे बाबा!” क्यूट! एका नाताळात शेजारच्या अँग्लो-इंडियन बाईंनी आम्हाला घरी केलेला केक दिला. अण्णांनी वास घेतला आणि त्यात रम आहे हे ओळखलं. दुसरा कुणी असता तर केक परत केला असता, किंवा गुपचूप खाल्ला असता. आमच्याकडे केकचं पहिलं वाचन झालं. मग दुसरं. रमचा केक टिकतो म्हणतात, तो खरंच टिकला, आणि तिसऱ्या बुधवारी दोन विरुद्ध एक मतांनी नामंजूर झाला. मी तो बाहेर कचऱ्याच्या गाडीत टाकला तेव्हा मला रडू येत होतं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि केकसाठी रडत होते असं मला वाटत होतं.

खरं तर त्याच वर्षी हुबळीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मला आवडला होता. बोलताना तो मधेच थांबून हसायचा आणि मग वाक्य पुरं करायचा, हे अजून आठवतं. पहिल्या वाचनाला अण्णा म्हणाले, माणसं चांगली दिसतात. दुसऱ्या वाचनाला म्हणाले, चौकशी करू. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या मधे मुलाकडच्यांचा फोन आला, की तुम्हाला रस दिसत नाही, तेव्हा आम्ही दुसरीकडे ठरवलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “ज्यांना दोन आठवडे दम धरवत नाही ते संसारात काय दम धरणार?” मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. वही मात्र लिहीत राहिले.

अण्णांचा हा सगळा संयम लोकांना फार आवडतो, हे माझं आणखी एक दुखणं. गल्लीतले लोक त्यांच्या पाया पडतात. बिनसाखरेचा चहा, थंड पाण्याची आंघोळ, दोन शर्ट, तोंडात कधी वावगा शब्द नाही. आमच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब कितीतरी दिवस नुसतेच उभे होते, धुळीनं सगळ्यांचे घसे बसले होते, तेव्हाही अण्णा गच्चीवरून त्यांच्याकडे कौतुकानं बघायचे. “हळू करताहेत म्हणजे नीट करताहेत,” म्हणायचे. मला त्यांच्या शांतपणाची चीड येते. जो माणूस कधी ओरडत नाही, त्याच्यावर ओरडणारा नेहमीच वेडा ठरतो, आणि त्या घरात वेडं ठरायची पाळी नेहमी माझ्यावर यायची.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वीची, उन्हाळ्यातली. गुरुवार होता. सकाळी मी डबा भरत होते, कॅब चौकात येऊन थांबली होती आणि ड्रायव्हरचे फोनवर फोन येत होते. आई कोथिंबीर निवडत बसली होती. ती म्हणाली, “ऐक गं, उजव्या डोळ्यापुढं कायतरी काळं काळं उडायलंय बघ. केसागत. आणि कडेला मधेच वीज चमकल्यागत होतंय.”

“दुखतंय का?”

“दुखत न्हाई.”

“बरं, बुधवारी वहीत घालू या की,” मी म्हणाले आणि चप्पल घालून पळाले.

बुधवारी मी विषय मांडला. ‘आईचा उजवा डोळा, तज्ज्ञाला दाखवणे.’ अण्णांनी आईला चार प्रश्न विचारले, अगदी मायेनं. मग म्हणाले, की उतारवयात डोळ्यापुढे असं तरंगतंच, त्यांनाही तरंगतं. मोठ्या हॉस्पिटलात गेलं की पाय टाकल्या टाकल्या ऑपरेशन सांगतात. डोळ्याला घाईनं हात लावू नये. मी मोठं भाषण केलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या डोळ्याला तीन आठवडे वाट बघायला लावणं हा कुठला कारभार, असं म्हणाले. त्या नेत्यालाही दोन शब्द सुनावले. खरं सांगायचं तर भाषण छान झालं, आणि विरोध नोंदवून झाल्यावर मला दर वेळेसारखं मोकळं मोकळं वाटलं. अण्णांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “सरी.” मी वहीत लिहिलं, पहिलं वाचन पूर्ण.

दुसऱ्या बुधवारी आई म्हणाली की आता वीज चमकत नाही, फक्त जाळी जाळी दिसते. अण्णांना ते सुधारल्याचं लक्षण वाटलं. मी पुन्हा बोलले, पण त्या आठवड्यात ऑफिसात फार काम होतं आणि भाषण आधीइतकं लांब झालं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आई देवघरातून बाहेर येताना दाराच्या चौकटीवर आदळली. कपाळाला खोक पडली. मी धावले तर ती कपाळ सोडून डोळ्याला हात लावून उभी होती. “पडदा आलाय,” ती म्हणाली. “खालून वर चढायलाय. तुझं तोंड दिसंना झालंय मला.”

त्या वेळी मी वहीबिही बघितली नाही. रिक्षा बोलावली आणि दोघांना घेऊन इंदिरानगरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर तरुण होती, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. डोळ्यात थेंब घालून, दिव्याखाली बराच वेळ बघून तिनं सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटून आला आहे. मग तिनं कन्नडमधून विचारलं, हे कधीपासून आहे?

आई काही बोलायच्या आत अण्णांनी पिशवीतून वही काढली. हो, ते ती घेऊन आले होते. सवयच ती. पान उघडून त्यांनी डॉक्टरला तारखा वाचून दाखवल्या. अमक्या तारखेला पहिल्यांदा लक्षात आलं, अमक्या तारखेला पहिलं वाचन, अमक्या तारखेला दुसरं. आवाजात हलकासा अभिमान होता, कचेरीत साहेबानं मागितलेला कागद क्षणात काढून दिल्यासारखा. डॉक्टरनं वही हातात घेतली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण तारखा कळल्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “सतरा दिवस? सतरा दिवस तुम्ही हे लिहीत बसला होतात?”

मी म्हणाले, “यांना विचारा.” आणि अण्णांकडे बोट दाखवलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. पडदा पुन्हा बसवला, पण मधला भाग, ज्यानं माणसाला चेहरे दिसतात आणि अक्षरं वाचता येतात, तो फार दिवस सुटून राहिला होता. डॉक्टरनं आधीच बजावलं होतं की फार आशा धरू नका. त्या डोळ्यानं आईला आता उजेड-अंधार कळतो, कुणी समोर आलं तर सावली कळते. एवढंच.

ऑपरेशननंतर डोळ्यात हवेचा फुगा ठेवतात आणि तो पडद्याला दाबून बसावा म्हणून बरेच दिवस तोंड खाली करून राहावं लागतं. आई पालथी पडून असायची, जेवायचीही मान खाली घालून. एकदा मी तिला भात भरवत असताना अण्णा दारात येऊन उभे राहिले आणि हळव्या आवाजात म्हणाले, “बघ, कसं शिस्तीत करतीया सगळं. एका शब्दानं तक्रार न्हाई.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताटली खाली ठेवून मी त्यांच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचा त्या नेत्याचा फोटो खाली काढला. मागोमाग आलेल्या अण्णांना मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. एवढं म्हणाले, की तुम्ही आयुष्यात कधी संयम केलेला नाही, संयम आम्ही दोघींनी केला आणि तुम्ही त्याचं कौतुक करून घेतलंत. तुम्हाला निर्णय घ्यायची भीती वाटते आणि त्या भीतीला तुम्ही या माणसाचा कोट घातलाय. तो बिचारा युद्ध चालवत होता. तुम्ही एक घर चालवत होतात, आणि तेही तुम्हाला जमलं नाही. तुम्ही आईचा डोळा घालवलात.

अण्णा म्हणाले, “तू शांत झालीस की बोलू.”

पुढच्या बुधवारी त्यांनी सकाळचंही जेवण सोडलं. आईनं मला खुणेनं सांगितलं, जा, समजाव. मी गेले नाही. प्रायश्चित्तालाही त्यांना बुधवारच सापडला होता. मला त्यांची कीव आली नाही, आणि आता लिहिताना यावी असं वाटतं तरी येत नाही.

वही मी ऑफिसात नेली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली. अण्णांनी ती एकदाही मागितली नाही. बैठक बंद झाली. बुधवारी रात्री मी मुद्दाम कांदा-लसणाचं झणझणीत काहीतरी करायला लागले, आणि अण्णा आपल्या खोलीत उपाशी बसले तर बसू दिले. घराचा कारभार माझ्या हातात आला. वर्षानुवर्षं तिसऱ्या वाचनात नामंजूर होत आलेला फ्रिज एका शनिवारी येऊन उभा राहिला. गळकं छत दुरुस्त झालं, खिडक्यांना जाळ्या बसल्या. आता या घरात जे लागेल ते त्याच दिवशी होणार, असं मी जाहीर केलं. आई पलंगावरून म्हणाली, “सरी.” ऑफिसातल्या पोरींना मी हेही सांगितलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले.

डॉक्टरनं आम्हाला एक गोष्ट नीट समजावली होती. एका डोळ्याला जे झालं ते दुसऱ्यालाही होऊ शकतं. डाव्या डोळ्यापुढे काळं उडालं, वीज चमकली, तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. तिच्याकडे आता तेवढा एकच डोळा आहे. मी ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. रोज ऑफिसला निघताना आईला विचारायचे, “डोळा?” आणि ती म्हणायची, “बरा हाय.”

साताठ महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या हॉस्पिटलातली नर्स होती. म्हणाली, तुमच्या आईच्या डाव्या डोळ्याला आत बारीक भोक पडलेलं होतं, पडदा सुटायच्या आत लेझर करून बंद केलं आहे, आता धोका नाही. पण थेंबांमुळे त्यांना अंधुक दिसतंय, न्यायला कुणीतरी या. मी विचारलं, त्यांना आणलं कुणी? नर्स म्हणाली, एकट्याच आल्या आहेत.

मला ते खरं वाटेना. जी बाई भाजी मार्केटच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती, ती एका डोळ्यानं के. आर. पुरमहून इंदिरानगरला कशी येईल? मी व्हाइटफील्डहून मेट्रोनं निघाले. वाटेत अण्णांना फोन केला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, “दळण टाकून येतो म्हणून गेली सकाळी.” त्यांचा आवाज कापत होता. मी फोन ठेवला.

आई हॉस्पिटलच्या बाकावर काळा चष्मा लावून बसली होती. हातात कागदी कपात कॉफी, चांगली साखर घातलेली. मला आवाजावरून ओळखून तिनं शेजारची जागा हातानं झाडली. सकाळी आंघोळ करताना डाव्या डोळ्यात वीज चमकली, ती सांगत होती. मग साडी बदलली, रिक्षानं स्टेशनावर आली, तिथल्या पोलीस बाईला कन्नडमध्ये सगळं सांगितलं, तिनंच गाडीत बसवून दिलं. इंदिरानगरला उतरून विचारत विचारत आली. इथे फॉर्म भरायला दुसऱ्या एका पेशंटच्या मुलीनं मदत केली. हे सगळं ती अशा सुरात सांगत होती, जसं काही डाळ-तांदूळ आणायला गेली होती.

मी म्हणाले, “आई, अण्णांचं एक समजू शकते. त्यांना नाही सांगितलंस, बरोबर केलंस. पण मला एक फोन करायचास की. मी मीटिंग टाकून पळत आले असते. मला का नाही सांगितलंस?”

आईनं कॉफीचा शेवटचा घोट घेतला, कप चाचपून बाकाखाली ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रागावलेली नव्हती ती, तेवढं तरी असतं तर बरं झालं असतं.

“सांगितलं हुतं की गं,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला पहिल्यांदा तुलाच सांगितलं हुतं.”